मेंदूतील डोपामिन कसे मोजतात, आणि आपल्याला त्याचे काय

आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाचा हात थरथरतो, चाल मंदावली आहे, आणि कोणीतरी सुचवतो की रक्त देऊन डोपामिन तपासून घ्या, म्हणजे खरे काय ते कळेल. मोबाइलवर तशा जाहिरातीही येतात. ‘मेंदूच्या रसायनांची संपूर्ण तपासणी’ असे भारदस्त नाव असते आणि खाली हजारांतली रक्कम असते. पांढुर्णा किंवा सौंसरहून म्हाताऱ्या माणसाला नागपूरला न्यायचे म्हणजे घरातल्या आणखी एका माणसाचा दिवस मोडतो, गाडीभाडे वेगळे. तेव्हा पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये हे निघण्यापूर्वीच समजलेले बरे. आम्ही वाणिज्य शाखेचे, रसायनशास्त्राशी संबंध शाळेपुरता. पण बँकेतल्या नोकरीने आकडा कुठून आला हे विचारायची सवय लावली. त्या सवयीने या विषयावर जे वाचले ते सभासदांपुढे ठेवतो आहोत. उपचाराचा निर्णय अर्थात डॉक्टरांचाच.

सुरुवात ओळखीच्या वस्तूपासून करू. साखर तपासायचे छोटे यंत्र आता आपल्याकडे बहुतेक घरांत आहे. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा, पाच-दहा सेकंदांत आकडा येतो. त्या पट्टीच्या टोकाला एक विकर, म्हणजे एन्झाइम, सुकवून ठेवलेले असते. ते रक्तातल्या फक्त ग्लुकोजवर काम करते, बाकी कशाकडे बघत नाही. या कामात इलेक्ट्रॉन सुटतात, ते पट्टीवरच्या बारीक तारेत शिरतात आणि अगदी क्षीण वीज वाहते. साखर जास्त तर वीज जास्त. यंत्र ती वीज मोजते आणि आकड्यात सांगते. अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये ही कल्पना प्रथम मांडली. जिवंत वस्तूतून घेतलेला एक ‘ओळखणारा’ आणि त्याला जोडलेला एक विजेचा ‘मोजणारा’, अशा जोडीला बायोसेन्सर म्हणतात. मराठीत जैवसंवेदक. मेंदूतील रसायने मोजणारी यंत्रे याच कुळातली आहेत, फक्त त्यांचे काम फार अवघड आहे.

अवघड का, ते पाहू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एका पेशीचे टोक दुसरीला चिकटलेले नसते, मध्ये फट असते. ती साधारण २० नॅनोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक. पहिल्या पेशीतली वीज फटीपाशी येऊन थांबते, तिथे एका रसायनाचे थेंबुले सुटतात, ते पलीकडे पोहोचतात आणि निरोप पुढे जातो. निरोप नेणाऱ्या या रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. डोपामिन, सेरोटोनिन, ग्लुटामेट, ॲसिटिलकोलिन ही त्यांतली ठळक नावे. निरोप वीजेने जातो की रसायनाने यावर शास्त्रज्ञांत बराच वाद होता. ऑस्ट्रियातील ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून रसायनाची बाजू सिद्ध केली. १९३६ चे नोबेल त्यांना आणि हेन्री डेल यांना मिळाले. थरथरणाऱ्या हाताशी यांतल्या डोपामिनचा संबंध आहे, म्हणून त्याच्या इतिहासाकडे थोडे सविस्तर वळतो. त्यात मुंबईचाही वाटा आहे, हे आम्हाला वाचताना विशेष वाटले.

सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला. त्यानंतर जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी तेच रेसरपिन सशांना दिले, तेव्हा ससे जागच्या जागी गोठल्यासारखे झाले. मग त्यांना लेव्होडोपा टोचल्यावर ते पुन्हा हालचाल करू लागले. हे १९५७ चे. रेसरपिनने मेंदूतले डोपामिन रिकामे केले होते आणि लेव्होडोपाने ते पुन्हा भरले, असा त्याचा अर्थ निघाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. लेव्होडोपा तरी कुठले? १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते खाजकुयलीच्या बियांतून काढून दाखवले होते. शेंगेची कुसे अंगाला लागली की जीव नकोसा करणारी तीच खाजकुयली. बाजारात ती हिंदी नावाने, कौंच बीज म्हणून मिळते. आयुर्वेदात कंपवातावर तिचा उल्लेख आहेच. १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना हे चूर्ण देऊन केलेला अभ्यास न्यूरॉलॉजी इंडियात प्रसिद्ध झाला.

इथेच एक सूचना करून टाकतो, कारण हे वाचून कोणीतरी बाजारात जाईल. कंपवाताची गोळी सुरू असताना डॉक्टरांना न सांगता कौंच चूर्ण घेऊ नये. गोळीतही लेव्होडोपा आणि चूर्णातही लेव्होडोपा, म्हणजे एकाच खात्यात दोन ठिकाणांहून भरणा आणि पासबुकात एकाचीच नोंद. मात्रा वाढली की भास होणे, अंग आपोआप वळवळणे असे त्रास होऊ शकतात.

तर कंपवातात डोपामिन कमी पडते हे कळले कसे? व्हिएन्नाचे ओलेह हॉर्निकीविच यांनी १९६० मध्ये पार्किन्सनने मरण पावलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि ठरावीक भागात डोपामिन फार कमी असल्याचे दाखवले. मोजणी झाली, पण मृत्यूनंतर. हाताचा कंप दिसू लागतो तोवर डोपामिन तयार करणाऱ्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या असतात असे मानले जाते. म्हणूनच जिवंत मेंदूत, चालू व्यवहार होत असताना डोपामिन मोजता यावे हा शास्त्रज्ञांचा ध्यास राहिला.

मग रक्तातले का मोजू नये? याचे उत्तर बँकेच्या भाषेत देतो. आज कोअर बँकिंग आहे, पांढुर्ण्याच्या खात्याची शिल्लक मुंबईत दिसते. पूर्वी तसे नव्हते. ज्या शाखेत खाते, त्याच शाखेतल्या लेजरमध्ये शिल्लक. मेंदू ही तशी जुन्या पद्धतीची शाखा आहे. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक पडदा असतो, तो निवडक पदार्थच आत-बाहेर सोडतो. डोपामिन त्या पडद्यातून जात नाही. रक्तात किंवा लघवीत जे डोपामिन सापडते ते मुख्यतः शरीराच्या इतर भागांतले, आतडी, मूत्रपिंड, मेंदूबाहेरच्या नसा यांचे असते. ते दुसऱ्या शाखेचे लेजर झाले. त्यावरून मेंदूची शिल्लक काढता येत नाही. काही विशिष्ट गाठींच्या निदानासाठी डॉक्टर रक्त-लघवीतली अशी रसायने तपासायला सांगतात, ते अगदी योग्य आहे. पण हाताच्या कंपाचे कारण त्यातून कळेल असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर ते देऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. लेव्होडोपा मात्र तो पडदा ओलांडते आणि आत जाऊन त्याचे डोपामिन होते. म्हणून औषध म्हणून डोपामिन न देता लेव्होडोपा देतात.

म्हणजे मोजायचे तर मेंदूच्या आत जाऊनच. अमेरिकेतील कॅन्सास विद्यापीठातील राल्फ ॲडम्स यांनी १९७३ मध्ये उंदराच्या मेंदूत कार्बनची बारीक कांडी बसवून हे सुरू केले. डोपामिनचा एक गुण इथे कामाला येतो. कार्बनवर योग्य तेवढा विजेचा दाब दिला की डोपामिनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडून देतो, त्याला विकराची मदत लागत नाही. सुटलेले इलेक्ट्रॉन मोजले की झाले. पण मेंदूत आणखी एक पदार्थ जवळपास त्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडतो आणि तो डोपामिनच्या हजारो पटींनी अधिक असतो. तो म्हणजे क जीवनसत्त्व. आपल्या संत्र्यांतले तेच. बाजाराच्या दिवशी गोटमारीच्या गर्दीत एका माणसाची हाक ऐकायची, तसा हा प्रकार झाला.

यावर दोन उपाय निघाले. पहिला साधा आणि सुंदर आहे. शरीरात डोपामिनवर धन भार असतो आणि क जीवनसत्त्वावर ऋण. कार्बनवर ऋण भाराच्या नॅफिऑन नावाच्या प्लास्टिकचा पातळ लेप दिला की क जीवनसत्त्व दूर ढकलले जाते आणि डोपामिन ओढले जाते. दारावर ओळखपत्र बघणारा माणूस बसवला म्हणा. दुसरा उपाय वेगाचा. कार्बनच्या सात मायक्रॉन जाडीच्या तंतूवर, म्हणजे केसाच्या दहाव्या भागाएवढ्या, विजेचा दाब झपाट्याने वर-खाली करतात. एक फेरी सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात पूर्ण होते आणि अशा दहा फेऱ्या दर सेकंदाला. प्रत्येक रसायनाचा या फेरीत उमटणारा आलेख वेगळा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. नॉर्थ कॅरोलायनाचे मार्क वाइटमन यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. बॅडमिंटनच्या महाग रॅकेटमध्ये असतो त्याच जातीचा हा कार्बन तंतू.

ग्लुटामेट आणि ॲसिटिलकोलिन ही रसायने अशी सहज इलेक्ट्रॉन सोडत नाहीत. तिथे पुन्हा साखरेच्या पट्टीचीच युक्ती, तारेच्या टोकाला विकर. अलीकडे विकराऐवजी डीएनएचा छोटा धागाही वापरतात. हवे ते रसायन सापडले की धागा त्याभोवती दुमडतो आणि खाली असलेल्या ट्रान्झिस्टरमधली वीज बदलते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ॲन अँड्र्यूज, पॉल वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सेरोटोनिन आणि डोपामिनसाठी असे संवेदक दाखवले. २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने रबरासारखा ताणला जाणारा संवेदक उंदरांच्या मेंदूत आणि आतड्यात वापरला. आतड्यात कशाला, असे वाटेल. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन तिथेच असते! संवेदकाचे काम आपल्या बाजूलाही चालते. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संवेदक तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे.

माणसाच्या मेंदूत हे कधी झाले का? झाले, पण एका खास प्रसंगाच्या आधाराने. पार्किन्सन बराच वाढल्यावर काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर तारा बसवून विजेचे हलके ठोके देतात. त्याला डीबीएस म्हणतात, आपल्या देशात मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील डॉ. परेश दोशी हे या शस्त्रक्रियेतले जुने नाव. अनेकदा ही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असतानाच करतात. कवटीला छिद्र तर पडलेलेच असते, म्हणून रुग्णाच्या संमतीने थोडा वेळ कार्बन तंतू आत सोडून मोजणी करता येते. अमेरिकेत रीड माँटेग्यू, केनेथ किशिदा आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांवर केलेली अशी मोजणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांना तेवढ्या वेळात शेअर बाजारासारखा खेळ खेळायला दिला होता. गंमत अशी की डोपामिनचा चढउतार केवळ झालेल्या नफ्या-तोट्यावर ठरत नव्हता. ‘आणखी पैसे लावले असते तर किती मिळाले असते’ याचाही हिशेब त्यात मिसळलेला होता. शेअर वर गेल्यावर कमी घेतले म्हणून हळहळणारे ग्राहक आम्ही आयुष्यभर पाहिले, त्यांची हळहळ मेंदूत इतक्या खोल नोंदली जाते हे तेव्हा माहीत नव्हते.

पण हे सगळे संशोधन आहे. कवटी उघडल्याशिवाय डोपामिन मोजणारे यंत्र आज कोणत्याही दवाखान्यात नाही. डीबीएसची नवी यंत्रे मेंदूचे संकेत वाचून ठोके कमी-जास्त करतात, तीही विजेच्या लहरी वाचतात, रसायन नव्हे. शिवाय आत बसवलेल्या तारेभोवती काही आठवड्यांत व्रणासारखे आवरण येते, आणि तिच्यावर प्रथिनांचा थर चढून आकडा घसरत जातो. वर्षानुवर्षे टिकणारा संवेदक ही अजून न सुटलेली अडचण आहे.

त्यापेक्षा रुग्णाच्या उपयोगी लवकर पडेल असे आम्हाला एक दुसरेच काम वाटते. ते औषध मोजण्याचे. लेव्होडोपाचा असर चढतो आणि उतरतो. जुन्या रुग्णांच्या घरी ‘आता गोळी लागली’, ‘आता उतरली’ ही भाषा रोजची असते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन गटांनी त्वचेवर लावायचे संवेदक दाखवले, एक घामातले लेव्होडोपा मोजणारा आणि दुसरा बारीक सुयांनी त्वचेखालच्या द्रवातले. असे यंत्र बाजारात आले तर गोळीची वेळ अंदाजाने ठरवावी लागणार नाही. तोवर वही आहेच. गोळी किती वाजता घेतली, किती वेळाने हात मोकळा झाला, जेवण केव्हा झाले, हे पंधरा दिवस लिहून नेले तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. जेवणाची वेळ मुद्दाम लिहावी, कारण वरण, दूध, अंडी यांतली प्रथिने आणि लेव्होडोपा एकाच दाराने आत शिरतात आणि गर्दी झाली की औषध मागे राहते. निदानाचे म्हणाल तर ते आजही डॉक्टर तपासूनच करतात, हालचालीचा मंदपणा, ताठरपणा, विश्रांतीत असताना येणारा कंप पाहून. शंका असेल तेव्हाच मोठ्या शहरातला डोपामिन संबंधीचा खास स्कॅन सांगतात. सोबतीची गरज असणाऱ्या कुटुंबांनी पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचे काम जरूर पाहावे, ते मराठीतच आहे.

आता ॲसिटिलकोलिनकडे येतो. आपल्या दोन्ही तहसिलींसाठी हा भाग आम्हाला कंपवाताइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण यात तरुण माणसे जातात.

स्नायूला ‘हल’ हा निरोप ॲसिटिलकोलिन देते. निरोप पोहोचला की ते लगेच पुसले गेले पाहिजे, नाहीतर स्नायू आवळलेलाच राहील. पुसायचे काम करणारे विकर म्हणजे कोलिनेस्टरेज. कापसावर आणि बगीच्यात मारली जाणारी ऑर्गेनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके, उदाहरणार्थ मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस, याच विकराला निकामी करतात. किडा त्यानेच मरतो. माणसाच्या अंगात गेले तर माणसाचेही तेच होते: घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, श्वास अडकतो. (हेच विकर अगदी हलके, मापात रोखणारे डोनेपेझिल हे विस्मरणावरचे औषध आहे. मात्रेचा फरक.) २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-मजूर गेले. डोक्याएवढे वाढलेले कापसाचे पीक, दोन-तीन औषधांची मिश्रणे, उकाडा अशी कारणे पुढे आली. सगळीच औषधे या एका जातीची नव्हती, हेही लक्षात ठेवावे. पण पीक तेच, पंप तेच आणि हवाही आपलीच.

ॲसिटिलकोलिन मेंदूत आणि नसांत मोजणे कठीण असले तरी कोलिनेस्टरेज रक्तात मोजता येते. हे लेजर आपल्या शाखेत उघडते! तपासणी नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळांत होते. आणि इथे बायोसेन्सर उलटा चालतो. पट्टीवर तेच विकर लावतात आणि त्याला त्याचे खाद्य देतात. विकर ठणठणीत असेल तर वीज पुरेशी वाहते, नमुन्यात विष असेल तर वीज कमी पडते. पाण्यातले, फळांवरचे कीटकनाशक ओळखायला हीच पद्धत संशोधनात वापरली जाते, आणि संत्री बाहेर पाठवणाऱ्यांना पुढे तिच्याशी काम पडू शकते.

एक अडचण मात्र आहे. निरोगी माणसांतही या विकराची पातळी कमी-जास्त असते. त्यामुळे विषबाधेची शंका आल्यावर काढलेला एकटा आकडा फार सांगत नाही. आधीचा आकडा हवा, ओपनिंग बॅलन्सशिवाय फरक काढणार कशातून? कॅलिफोर्नियात फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी १९७४ पासून असाच नियम आहे. किमान महिनाभर असल्या औषधाशी संबंध आलेला नसताना पहिली तपासणी, मग हंगामात पुन्हा. आकडा मूळच्या ८० टक्क्यांखाली आला तर कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतले विकर ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातले ६० टक्क्यांवर उतरले तर त्या माणसाला फवारणीवरून काढून दुसरे काम द्यायचे. त्रास सुरू झाला असेल तेव्हा मात्र आकड्याची वाट पाहायची नसते. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत घेऊन थेट दवाखाना. लेबल पाहिल्यावर डॉक्टरांना ॲट्रोपिन द्यायचे की कसे हे लवकर ठरवता येते.

आपल्याकडे कापसाच्या फवारणीला जुलैत जोर येतो. मूळ तपासणी करायची तर मे महिना योग्य, आणि त्याआधी महिनाभर बगीच्यातल्या फवारणीलाही त्या माणसाने हात लावलेला नसावा. मंडळाच्या उन्हाळी आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाबासोबत कोलिनेस्टरेजचे नमुने घेऊन नागपूरला पाठवावेत, असा प्रस्ताव आम्ही पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. स्वतः पंप पाठीवर घेणारे सभासद आणि त्यांच्याकडे फवारणीला येणारे मजूर, दोघांचीही नावे गावनिहाय लागतील.